शालेय अभ्यासक्रमात बुद्धिबळ : ऐच्छिक विषयाचे स्वरूप, अपेक्षा आणि मर्यादा

बुद्धिबळाचा पट मराठी घरांना अपरिचित नाही. वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या पारावर किंवा वाचनालयाच्या कट्ट्यावर दोघे खेळाडू पटावर झुकलेले आहेत आणि भोवतीचे चार बघे कोणी न विचारता चाली सुचवीत आहेत, हे दृश्य अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मात्र हाच पट शाळेच्या वेळापत्रकात, भाषा आणि गणित यांच्या शेजारी, ऐच्छिक विषय म्हणून मांडावयाचा म्हटले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. ओसरीवरच्या डावाला कोणी हिशेब विचारीत नाही. शाळेच्या तासिकेचा हिशेब मात्र द्यावाच लागतो. ती तासिका कोणत्या विषयातून काढली, शिकविणार कोण, आणि त्यातून मुलांच्या पदरात नेमके काय पडणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधली तरच हा विषय शाळेत रुजू शकेल.

या प्रश्नाकडे आज लक्ष वेधले जाण्यास कारणही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या पंचेचाळिसाव्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळविले. खुल्या गटाच्या संघात नाशिकचे विदित गुजराथी आणि महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. महिला संघाचे कर्णधारपद पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्याकडे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात चेन्नईचा डी. गुकेश वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताबही संपादन केला. अशा यशानंतर आपल्याही शाळेत बुद्धिबळ शिकविले जावे, असे पालकांना व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना वाटू लागणे स्वाभाविक आहे. परंतु यशाच्या बातमीवर उभी राहिलेली योजना पुढील अपयशाच्या बातमीबरोबर कोसळते. म्हणून या विषयाचा पाया अधिक भक्कम कारणांवर घातला पाहिजे.

जुनी परंपरा, नवे नियम

बुद्धिबळाचा उगम भारतातील चतुरंग या खेळात झाला, असे अभ्यासक मानतात. इराणमार्गे हा खेळ अरब देशांत व तेथून युरोपात गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर आणि उंट यांच्या चालींना आजचा वेग मिळाला. भारतात खेळाचे स्वतःचे नियम पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके. राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची चाल घेण्याची मुभा असे. शेवटच्या पट्टीत पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. या नियमांत प्रांतोप्रांती थोडेफार भेदही होते.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली. १९५५ मध्ये एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यास हरकत घेण्यात आली. आंतरराष्ट्रीय महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स यूव्ह यांनी महिलांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. शाळेच्या दृष्टीने या घटनेला आजही महत्त्व आहे. पटावर शरीरबळाचा प्रश्न येत नाही. यास्तव मुलामुलींच्या वेगळ्या जोड्या लावण्याचे कारण नाही, आणि वर्गात पहिल्या दिवसापासून मिश्र जोड्या लावणे हाच योग्य पायंडा होय.

जुन्या नियमांची माहिती शिक्षकाला असणे उपयुक्त ठरते. आजोबांकडून खेळ शिकलेले एखादे मूल प्यादे एकच घर चालविते आणि शेजारच्या मुलाने दोन घरे चालविताच त्याला लबाड ठरविते. अशा वेळी एकाचे बरोबर व दुसऱ्याचे चूक असे म्हणण्यापेक्षा, खेळाला इतिहास आहे आणि नियम सर्वांनी मिळून ठरवावयाचे असतात, हे सांगण्याची ती उत्तम संधी असते. नागरिकशास्त्राचा एक धडा तेथेच होऊन जातो. त्यानंतर मात्र शाळेत आंतरराष्ट्रीय नियमच शिकवावेत, कारण पुढील सर्व स्पर्धा त्याच नियमांनी होतात.

अन्य देशांतील अनुभव

बुद्धिबळ शाळेत शिकविण्याची कल्पना नवी नाही. जर्मनीतील हाल्बरश्टाट शहराजवळील श्ट्रोबेक या लहानशा गावाची बुद्धिबळाची परंपरा कित्येक शतकांची मानली जाते. त्या गावाच्या शाळेत १८२३ पासून हा खेळ विषय म्हणून शिकविला जाऊ लागला. एखाद्या गावाने ठरविले तर मोठ्या शहराच्या किंवा राजधानीच्या मदतीवाचूनही शाळेत एखादी परंपरा उभी राहते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सोव्हिएत संघात १९९१ पर्यंत वेगळा मार्ग अनुसरला गेला. तेथे प्रामुख्याने शाळेबाहेरील बालभवनांतून व मंडळांतून बुद्धिबळाचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळे. त्यातून जगज्जेते घडले, परंतु त्या व्यवस्थेचा रोख निवडलेल्या मुलांवर होता. या उलट, पूर्वी त्याच संघात असलेल्या आर्मेनियाने २०११ मध्ये बुद्धिबळ हा दुसरी ते चौथीच्या वर्गांसाठी आवश्यक विषय केला व आठवड्यातून दोन तासिका त्यास दिल्या. १९६३ ते १९६९ या काळात जगज्जेते असलेले टिग्रान पेट्रोसियान हे मूळचे आर्मेनियन. पुढे २००६, २००८ आणि २०१२ मध्ये या छोट्या देशाने ऑलिंपियाडचे विजेतेपद मिळविले. राष्ट्रीय अभिमानाचा विषय असलेला खेळ तेथे प्रत्येक मुलाच्या हाती देण्यात आला.

हंगेरीने मधला मार्ग निवडला. नामवंत ग्रँडमास्टर युडिट पोल्गार यांनी तयार केलेल्या शालेय कार्यक्रमाला २०१३ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमात ऐच्छिक स्थान मिळाले. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की, पट आणि मोहरे यांचा उपयोग भाषा, गणना, आकार व तर्क शिकविण्याचे साधन म्हणून केला जातो. उत्तम खेळाडू घडविणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट नाही. युरोपीय संसदेनेही २०१२ मध्ये सदस्य राष्ट्रांच्या शाळांत बुद्धिबळास स्थान द्यावे, असे आवाहन करणारी घोषणा स्वीकारली होती.

तीन देशांनी तीन वाटा चोखाळल्या : निवडक मुलांसाठी मंडळे, सर्वांसाठी सक्ती, आणि इच्छुकांसाठी ऐच्छिक तासिका. यांपैकी कोणतीही वाट जशीच्या तशी उचलण्यासारखी नाही. तथापि ज्या शाळांत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तेथे सक्तीपेक्षा ऐच्छिक स्वरूपच व्यवहार्य ठरेल, हे उघड आहे.

गणिताचे गुण वाढतात काय ?

बुद्धिबळ शिकल्याने मुलांचे गणित सुधारते, असे सांगून हा विषय शाळेत आणण्याचा मोह अनेकांना होतो. पालकांची संमती त्यामुळे लवकर मिळते. या विधानाची कसोटी इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर घेण्यात आली. तेथील एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनच्या प्रयोगात १०० प्राथमिक शाळांतील पाचव्या वर्षाच्या, म्हणजे साधारणतः नऊ-दहा वर्षांच्या, चार हजारांवर मुलांचा समावेश होता. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या शाळांत बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी शाळेच्या वेळेतच सुमारे ३० तास बुद्धिबळ शिकविले. त्यानंतर एका वर्षाने झालेल्या परीक्षेतील गुणांची तुलना करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता : खेळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या गणितातील गुणांत फरक आढळला नाही. वाचन आणि विज्ञान यांबाबतही तसाच अनुभव आला.

असे का व्हावे, याचे उत्तर एका जुन्या संशोधनात सापडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निष्णात आणि नवशिक्या खेळाडूंना एखाद्या खऱ्या डावातील स्थिती केवळ पाच सेकंद दाखविली व ती आठवून पुन्हा मांडावयास सांगितले. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरे अचूक मांडले, नवशिक्याला थोडेच जमले. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवण्यात आले. त्या स्थितीत मात्र निष्णात खेळाडूचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे झाले. याचा अर्थ असा की, खेळाडूची स्मरणशक्ती सर्वसाधारणपणे वाढलेली नसते. हजारो डावांतून परिचित झालेल्या रचना तो ओळखतो. उत्तम मल्लाला लाल मातीतले डावपेच सुचतात म्हणून त्याला पोहता येतेच असे नाही, तसाच हा प्रकार आहे. एका क्षेत्रातील कौशल्य आपोआप दुसऱ्या क्षेत्रात उतरत नाही. ते उतरवावयाचे असेल तर शिक्षकाने मध्ये पूल बांधावा लागतो.

हे सत्य शाळांनी आरंभीच पालकांसमोर ठेवले पाहिजे. गुणवाढीचे आश्वासन देऊन सुरू केलेली तासिका पहिल्या निकालानंतर बंद पडेल. तिच्याबरोबर ज्या मुलांना त्या तासात काही मौल्यवान मिळत होते, त्यांचे ते दालनही बंद होईल.

मग बुद्धिबळ कशासाठी ?

चित्रकलेची तासिका इतिहासातील गुण वाढविते काय, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. चित्रकला स्वतःच्या योग्यतेने शाळेत आहे. बुद्धिबळाचाही विचार याच रीतीने व्हावयास हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर विषयनिवडीची लवचिकता वाढविण्यावर आणि गणिती विचारासाठी कोडी व खेळ यांचा नियमित उपयोग करण्यावर भर आहे. त्या चौकटीत बुद्धिबळास जागा आहे. प्रश्न आहे तो या विषयाचे स्वतःचे देणे ओळखण्याचा.

पहिले देणे म्हणजे स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी. पटावर फासे नाहीत, पत्त्यांप्रमाणे हाती काय येईल याची अनिश्चितता नाही आणि निर्णय फिरविणारा पंचही नाही. दोन्ही बाजूंचे सोळा-सोळा मोहरे समोर उघडे असतात. हरलेल्या मुलाला दोष देण्यासाठी स्वतःच्या चालीखेरीज काही उरत नाही. हात लावलेला मोहरा चालविलाच पाहिजे, हा नियम आधी विचार व मग कृती ही सवय लावतो.

दुसरे देणे म्हणजे दुसऱ्याच्या जागी बसून विचार करणे. नवशिके मूल फक्त आपली चाल पाहते. चार-सहा आठवड्यांनी ते आपल्या चालीनंतर समोरचा काय करील, असा विचार करू लागते. हा टप्पा वर्गातील एका सुपरिचित प्रसंगातून सहज समजावता येतो. वजीर आणि उंट यांचा नेम राजाजवळच्या दुबळ्या प्याद्यावर धरून चौथ्या चालीतच मात करण्याची युक्ती बहुतेक मुलांना कोठून तरी कळते. ती जाणणारे मूल एक आठवडाभर साऱ्या वर्गावर मात करते. मग शिक्षक बचाव दाखवितात. पुढच्या तासाला तोच वजीर अकाली बाहेर पडल्यामुळे घोड्यांच्या व प्याद्यांच्या माऱ्यात सापडतो. दुसऱ्याच्या अज्ञानावर उभे असलेले यश किती दिवस टिकते, हे त्या मुलाला कोणताही उपदेश न करता समजते.

तिसरे देणे म्हणजे हरणे पचविण्याची सवय. एका वर्गात वीस डाव चालू असतील तर तासाअखेर सुमारे तितकीच मुले हरलेली असतात. हरल्यावर हात मिळविणे, मोहरे पुन्हा मांडणे आणि चूक कोठे झाली हे विजेत्यासोबत बसून पाहणे, ही रीत शाळेने घालून दिली तर मुलाला जन्मभर उपयोगी पडते. परीक्षेतील अपयश हा अनेक घरांतून आज चिंतेचा विषय झाला आहे. लहानशा आणि दुरुस्त करता येणाऱ्या पराभवांचा सराव देणारी जागा शाळेत असणे ही गोष्ट त्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे.

वर्षाची आखणी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापन-तास ठरविलेले आहेत. सहा दिवसांच्या आठवड्याप्रमाणे हे सुमारे ३६ आठवडे होतात. आठवड्यास ४० मिनिटांच्या दोन तासिका धरल्यास वर्षाला ४८ तास, म्हणजे एकूण वेळेच्या पाच टक्क्यांहून थोडा कमी वेळ, बुद्धिबळास लागेल. हा वेळ शारीरिक शिक्षणातून घेऊ नये. बुद्धिबळास खेळ म्हटले जात असले तरी त्यात मुलांचे हातपाय हलत नाहीत. मैदानाची भूक पटाने भागत नाही. ऐच्छिक उपक्रमांसाठी राखलेल्या तासिकांतूनच हा वेळ काढणे उचित होय.

पहिल्या सहा आठवड्यांत पूर्ण डाव खेळवू नये. प्रथम पटाची ओळख करून द्यावी. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातील घर पांढरे असते, ही साधी खूण पुष्कळ गोंधळ टाळते. त्यानंतर केवळ आठ-आठ प्याद्यांचा डाव खेळवावा. ज्याचे प्यादे प्रथम शेवटच्या पट्टीत पोहोचेल तो विजयी, एवढाच नियम पुरतो. मग एकेक मोहरा वाढवीत जावा. घोड्याची अडीच घरांची चाल सर्वांत शेवटी घ्यावी, कारण तीच मुलांना अधिक वेळ अडखळविते.

पुढील दहा-बारा आठवड्यांत शह, मात आणि बरोबरी यांतील भेद, तसेच राजा व हत्ती यांची एकत्रित चाल म्हणजे कॅसलिंग शिकवावे. राजाला शह नसताना खेळणाऱ्याजवळ एकही वैध चाल उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो, हा नियम विशेष लक्ष देऊन समजवावा. जिंकत आलेला डाव घाईने बरोबरीत घालविणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. मोहऱ्यांची ढोबळ मूल्ये, प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९, याच सुमारास सांगावीत. ही मूल्ये देवघेवीचा अंदाज बांधण्यासाठी असून राजाला मोल लावता येत नाही, हेही सांगावे.

उरलेल्या काळात एक हत्ती आणि राजा यांच्या साहाय्याने एकट्या राजावर मात करणे, प्याद्याचा वजीर करणे आणि पूर्ण डावांची नोंद करणे या गोष्टी घ्याव्यात. नोंदीसाठी उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे व आडव्या पट्ट्यांना १ ते ८ हे अंक दिलेले असतात. प्रत्येक घराला त्यामुळे स्वतःचा पत्ता मिळतो. सहाव्या-सातव्या इयत्तेतील मुलाला आलेखाच्या अक्षांची ओळख करून देण्यास याहून सोपे साधन मिळणे कठीण. वर सांगितलेला पूल शिक्षकाने बांधावयाचा तो अशा ठिकाणी. पटावर चौरस किती, असे विचारले असता मुले ६४ म्हणून थांबतात. लहानमोठे सर्व चौरस मोजावयास लावले की संख्या २०४ येते, आणि ती मोजण्याची रीत मुले स्वतः शोधतात. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा आणि पुढील प्रत्येक घरात दुप्पट, या प्रसिद्ध कथेतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. दुपटीची वाढ म्हणजे काय, हे या एका संख्येने ध्यानात येते.

शिक्षकाची भूमिका

हा विषय शिकविण्यास शिक्षक निष्णात खेळाडू असावा लागतो, ही समजूत बरोबर नाही. नियम अचूक माहीत असणे, डावाची नोंद वाचता येणे आणि मुलांना प्रश्न विचारता येणे, एवढी तयारी प्राथमिक स्तरावर पुरेशी आहे. इंग्लंडमधील प्रयोगात शिकविणारे बाहेरचे होते. वर्गशिक्षकच शिकविणारा असेल तर मंगळवारच्या तासात पटावर झालेली चर्चा बुधवारच्या गणिताच्या तासाला आठवून देणे त्याला शक्य असते. हा लाभ लहान शाळेला सहज मिळण्यासारखा आहे.

तासिकेचा निम्मा वेळ खेळास आणि निम्मा चर्चेस दिला पाहिजे. चर्चा नसलेला तास म्हणजे केवळ करमणूक होय. शिक्षकाने चाल सुचवू नये. ही चाल का केली, दुसरी कोणती करता आली असती, आणि समोरच्याचे सर्वांत चांगले उत्तर कोणते असते, असे तीन प्रश्न विचारावेत. भ्रमणध्वनीवरील बुद्धिबळाची साधने आज मुलांच्या हाती पोहोचली आहेत आणि ती क्षणात अचूक चाल दाखवितात. पण ती चाल का अचूक, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले तरच शिक्षण घडले असे म्हणावे.

बहुवर्ग शाळांना येथे एक सोय आहे. बुद्धिबळास इयत्तेचे बंधन नाही. सातवीच्या मुलीने चौथीच्या मुलाला घोड्याची चाल शिकवावी, यात दोघांचेही शिक्षण होते आणि शिक्षकाचा भारही हलका होतो.

मूल्यमापन आणि स्पर्धा

या विषयाचे मूल्यमापन जिंकलेल्या डावांच्या संख्येवरून करू नये. तसे केल्यास घरी शिकून आलेली दोन-चार मुले वर्षभर वर राहतील आणि उरलेली मुले पुढील वर्षी दुसरा विषय निवडतील. मुलाने वर्षभरात नोंदविलेले डाव, त्यांपैकी स्वतःच्या एखाद्या हरलेल्या डावाचे लेखी किंवा तोंडी विवेचन आणि खेळताना पाळलेले नियम, या तीन गोष्टींचा वर्णनात्मक अहवाल पुरेसा आहे. हरलेल्या डावाचे विवेचन मुद्दाम मागावे. त्यातून विचारशक्तीची व प्रामाणिकपणाची एकाच वेळी परीक्षा होते.

स्पर्धा टाळाव्यात असा याचा अर्थ नाही. शाळांतर्गत व केंद्रस्तरीय स्पर्धा अवश्य घ्याव्यात, पण त्या बाद पद्धतीने घेऊ नयेत. बाद पद्धतीत निम्मी मुले पहिल्याच डावानंतर प्रेक्षक होतात. समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावीत जाण्याची स्विस पद्धत अवलंबिल्यास प्रत्येक मुलाला सर्व फेऱ्या खेळावयास मिळतात आणि प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी भेटतो.

साधने आणि गावाचा सहभाग

चाळीस मुलांच्या वर्गाला वीस पट लागतात. तेवढे नसले तरी अडण्याचे कारण नाही. जमिनीवर खडूने आखलेला पट आणि पुठ्ठ्यावर चिन्हे काढून कापलेले मोहरे यांवरही खेळ शिकता येतो. चार मुलांत एक पट देऊन दोघांनी खेळावे व दोघांनी चालींची नोंद करावी, अशी पाळी लावल्यास उलट लाभच होतो. दृष्टिहीन मुलांसाठी वेगळ्या पटाची सोय असते. त्यावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते व मोहऱ्यांच्या तळाशी त्यात बसणारी खुंटी असते. एका बाजूच्या मोहऱ्यांवर टाचणीसारखी खूण असल्याने रंग हाताला ओळखू येतो. असा एक पट शाळेत असला तर दृष्टिहीन मूल डोळस मित्राबरोबर बरोबरीच्या नात्याने खेळू शकते. फार थोडे खेळ एवढी समानता देतात.

ग्रामपंचायतीचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल. पंचायतीने आपल्या वाचनालयात किंवा समाजमंदिरात सायंकाळी दोन-चार पट उपलब्ध करून दिले, तर शाळेत शिकलेला खेळ गावात जिवंत राहील. गावातील जुने जाणते खेळाडू हेही मोठे धन आहे. त्यांना आठवड्यातून एकदा शाळेत निमंत्रित करावे. सांगलीसारख्या शहराची बुद्धिबळातील ख्याती भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यासारख्या निष्ठावान संघटकांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने केलेल्या दीर्घ कार्यातून निर्माण झाली. गावाच्या पातळीवरही एखादा असा ध्यास घेतलेला माणूस पुरेसा असतो.

समारोप

शहरातील सुस्थित घरातील मुलाला बुद्धिबळाचा शिक्षक, पुस्तके आणि स्पर्धांचा प्रवासखर्च मिळू शकतो. वाडीवस्तीवरील मुलाला यांपैकी काहीच नसते. त्याच्यासाठी या खेळाचे एकच दार उघडू शकते आणि ते शाळेचे आहे. त्या दारातून आत आलेल्या शंभर मुलांपैकी एखादे कदाचित किताबापर्यंत जाईल. उरलेली नव्याण्णव शेती करतील, कारखान्यात जातील, शिक्षक किंवा पंचायत सदस्य होतील. ऐच्छिक विषयाची आखणी या नव्याण्णवांना समोर ठेवून झाली पाहिजे.

हात उचलण्यापूर्वी क्षणभर थांबणे, समोरच्याच्या बाजूने एकदा पट पाहणे आणि चुकल्यास ते मान्य करून मोहरे पुन्हा मांडणे, एवढे तीन संस्कार आठवड्याच्या दोन तासिकांतून मुलांवर झाले, तर त्या तासिकांचा हिशेब पुरा झाला असे समजावे. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आखताना मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून या विषयाचा विचार करावा. आरंभासाठी एक वर्ग, एक उत्साही शिक्षक आणि खडूने आखलेले दहा पट पुरेसे आहेत.